पांढऱ्यावर पांढरे : एका हाय-की व्यक्तिचित्राचे प्रकरण

पूर्वपीठिका

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा ठरला होता. घरात आणि गावातही त्यांना सगळे आबा म्हणतात, म्हणून येथेही तेच नाव वापरतो. बाकीची नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. सोहळ्याला बारा दिवस राहिले असताना थोरल्या मुलाने गावातील एका तरुण छायाचित्रकाराला आबांचा एक फोटो काढायला सांगितला. तो निमंत्रणपत्रिकेवर छापायचा होता आणि वीस बाय तीस इंचांच्या चौकटीत घालून सोप्यात कायमचा लावायचाही होता. मुलाने कोणाच्या तरी घरी सगळेच पांढरे असलेला, उजळ, सावली नसलेला फोटो पाहिला होता आणि त्याला तसाच हवा होता. छायाचित्रकाराने ओळखले की त्याला हाय-की फोटो हवा आहे.

मागणी चुकीची नव्हती. आबा आयुष्यभर पांढरे धोतर, पांढरा सदरा आणि पांढरी टोपी वापरत आले आहेत. ते माळकरी आहेत आणि गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत दरवर्षी वारीला चालत जात. त्यांचा वर्ण सावळा आहे, केस आणि मिशी पूर्ण पांढरी आहेत, कपाळावर गोपीचंदन आणि त्याखाली बुक्क्याचा काळा ठिपका असतो. अशा माणसाला पांढऱ्या पडद्यासमोर बसवले की चित्रात गडद म्हणून चेहरा, हात, गळ्यातली तुळशीची माळ आणि बुक्का एवढेच उरते. हाय-की पद्धतीसाठी यापेक्षा योग्य विषय मला सहज सुचणार नाही. तरीही पहिला प्रयत्न फसला. माझा या कामाशी संबंध त्यानंतर आला, कारण छायाचित्रकार काही वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकायला होता.

समस्या

पहिले छायाचित्रण त्याच्या स्टुडिओत झाले. स्टुडिओ पहिल्या मजल्यावर, अरुंद गाळ्यात आहे. आबांना दोघांनी धरून जिना चढवला. जागा नसल्याने आबांची खुर्ची पांढऱ्या कापडी पडद्यापासून जेमतेम अडीच फुटांवर होती आणि छत्र्या लावलेले दोन फ्लॅश त्यांच्यापासून सुमारे पाच फुटांवर. फ्लॅशचे मोजमाप कॅमेऱ्यावर सोपवलेले होते.

पहिले फोटो करडे आले. कॅमेऱ्याचे मोजमाप समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचे, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे आहे असे धरून चालते, आणि येथे तर नऊ दशांश चौकट पांढरी होती, त्यामुळे त्याने ते सगळे पांढरे करड्यावर आणून ठेवले. त्यात अंतराचीही भर पडली. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. फ्लॅशपासून आबा पाच फुटांवर आणि पडदा साडेसात फुटांवर, म्हणजे पडद्यावर पोहोचणारा प्रकाश आबांवरच्या प्रकाशाच्या निम्म्याहूनही कमी, एका स्टॉपहून थोडा जास्तच उणा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे). शिवाय आबांच्या दोन्ही सावल्या पडद्यावर पडल्या होत्या.

येथे पहिला निर्णय चुकला. पडदा पांढरा करायचा तर पडद्यावर वेगळा प्रकाश टाकायला हवा होता. छायाचित्रकाराने त्याऐवजी सगळ्याच प्रकाशाची भरपाई दोन स्टॉपने वाढवली. पडदा पांढरा झाला, पण टोपी त्यात विरघळली, सदऱ्याच्या चुण्या आणि धोतराच्या निऱ्या नाहीशा झाल्या, आणि चेहराही दोन स्टॉप वर गेला. उरलेले काम त्याने संगणकावर केले. छटा आणखी वर ओढल्या आणि त्वचा उजळ करणारी तयार सुविधा वापरली. फाइल जेपेग, म्हणजे कॅमेऱ्याने आधीच आवळून ठेवलेल्या होत्या, त्यामुळे एकदा जळालेला पांढरा भाग परत मिळण्याची शक्यताच नव्हती.

घरी फोटो दाखवला तेव्हा मुलगा खूश होता. आबांच्या मुलीने मात्र तो बराच वेळ हातात धरून ठेवला आणि म्हणाली, "हे आमचे आबा नाहीत." विचारले तेव्हा तिला नेमके काय खटकते ते सांगता येईना. मला तो फोटो मिळाल्यावर मी सगळ्यात आधी कपाळ मोठे करून पाहिले. बुक्का तपकिरी झाला होता. काजळीसारखा काळा असायला हवा तो ठिपका चहाच्या डागासारखा दिसत होता. डोळ्यांची बुबुळे करडी झाली होती आणि गालाचा रंग पिठूळ, पिवळट पडला होता. मुलीच्या मनातली तक्रार त्या ठिपक्यात स्पष्ट दिसत होती.

हाय-की म्हणजे काय, याविषयीचा गैरसमज या प्रकरणाच्या मुळाशी आहे. हा शब्द मुख्य दिव्यावरून, म्हणजे चित्रपटाच्या प्रकाशयोजनेतल्या की-लाइटवरून आला. मुख्य दिवा आणि सावल्या भरून काढणारा दिवा यांच्या प्रकाशातला फरक अगदी कमी ठेवला, म्हणजे दुपटीच्या आत किंवा जवळपास सारखा, की सावल्या उथळ होतात आणि चित्रातल्या बहुतेक छटा उजळ बाजूला जातात. फोटो जास्त एक्सपोज करणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. तसे केले की प्रत्येकच छटा वर सरकते, काळाही जागचा हलतो. चांगल्या हाय-की चित्रात थोडासा का होईना, खरा काळा असतो आणि त्याच्याच आधाराने डोळ्याला बाकीचे उजळ वाटते. सावळ्या माणसाच्या बाबतीत ही चूक जास्त गंभीर ठरते, कारण "उजळ फोटो" आणि "उजळ रंग" हे आपल्याकडे फार सहज एक मानले जाते. त्या तरुणाच्या मनात वाईट काही नव्हते. गिऱ्हाईक रोज हेच मागते, म्हणून त्याने न सांगता ते केले. पण सोहळा या माणसाने पाहिलेल्या हजार पौर्णिमांचा आहे, आणि चौकटीत त्याच्याऐवजी दुसराच कोणी बसवणे मला मान्य होण्यासारखे नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

नऊ दिवस उरले होते. आबांना पुन्हा जिना चढवायचा नाही, असे घरच्यांनी निक्षून सांगितले होते, आणि ते रास्तच होते.

सर्वांत सोपा पर्याय म्हणजे पहिल्या करड्या फोटोंपैकी एक घ्यायचा, आबांना संगणकावर कापून वेगळे करायचे आणि मागे शुद्ध पांढरा रंग भरायचा. आम्ही तासभर करून पाहिले. चेहरा बरा आला, पण पांढऱ्या मिशीची टोके आणि टोपीची कड कात्रीने कापल्यासारखी दिसू लागली. खऱ्या उजळ पडद्यासमोर बसलेल्या माणसाच्या कडांवर मागचा प्रकाश किंचित उतरतो, तो येथे नव्हता. वीस बाय तीस इंचांत ही लबाडी लपली नसती.

दुसरा पर्याय स्टुडिओच घरी नेण्याचा होता. घराचे माजघर अकरा फूट रुंद, तक्तपोशी हाताला लागेल एवढी खाली आणि भिंती पिस्ता रंगाच्या. पडद्याला वेगळे दोन दिवे, आबांना वेगळा दिवा आणि मध्ये सात-आठ फूट अंतर, ही नेहमीची मांडणी तिथे बसत नव्हती. शिवाय पिस्ता रंगाच्या भिंतींवरून परतलेला प्रकाश सगळ्या पांढऱ्यावर हिरवी झाक चढवतो.

तिसरा पर्याय मी स्वतः मांडला होता आणि आजही तो कमी प्रतीचा मानत नाही : हाय-कीचा नाद सोडावा आणि खिडकीच्या एका बाजूने येणाऱ्या प्रकाशात, अंधाऱ्या माजघरात आबांचा फोटो काढावा. त्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांना तो प्रकाश फार शोभला असता. पण आबांनाच विचारले तेव्हा ते म्हणाले, "मला अंधारात बसवू नका." प्रश्न तिथेच मिटला.

चौथा पर्याय घर पाहायला गेलो तेव्हा सापडला. ओसरी पूर्वेकडे उघडी आहे, समोर अंगण, अंगणात तुळशीवृंदावन आणि पलीकडे ठेंगणी कंपाउंडची भिंत. डिसेंबर महिना होता आणि सकाळी ऊन थेट ओसरीच्या खांबांवर येत होते. खांबांच्या मध्ये पांढरे कापड बांधले तर ऊनच मागून पडदा उजळेल, त्याला एकही दिवा लागणार नाही. आबांनी पडद्याकडे पाठ करून बसायचे आणि कॅमेरा माजघरात, दाराच्या आत लावायचा. धोका एवढाच, की उन्हाचा वेग आपल्या हाती नसतो.

केलेली कार्यवाही

पडद्यासाठी मांजरपाट आणला. एकेरी कापडातून अंगणातल्या दोरीवरचे कपडे सावलीसारखे दिसत होते, दुहेरी केल्यावर ते गेले. कापडाला इस्त्री करूनच बांधले, कारण मागून प्रकाश आला की प्रत्येक घडी रेघ होऊन दिसते.

आबांच्या पुढच्या बाजूसाठी माझा ३०० वॉट-सेकंदाचा एकच स्टुडिओ फ्लॅश नेला होता, पण तो आबांवर रोखला नाही. ओसरीच्या वाशांना दोन धोतरे शेजारी शेजारी ताणून बांधली आणि फ्लॅशचे तोंड वर, त्या धोतरांकडे केले. आबांवर आला तो त्या पांढऱ्या छतावरून परतलेला मऊ, पसरलेला प्रकाश. ही युक्ती माझी नाही. छायालेखक सुब्रत मित्र यांनी सत्यजित राय यांच्या १९५६ सालच्या 'अपराजितो' चित्रपटासाठी कलकत्त्याच्या स्टुडिओत बनारसच्या घराचे अंगण उभारलेले असताना वर पांढरे कापड ताणून, खालून दिवे त्यावर मारून आभाळाचा प्रकाश आणला होता. आमच्या ओसरीवर त्याचे छोटे रूप होते. खालून, मांडीच्या पातळीवर थर्मोकोलची एक शीट ठेवली, हनुवटीखालची सावली भरून काढायला. ओसरीच्या पिस्ता भिंती चादरींनी झाकल्या.

या मांडणीचा मोठा फायदा असा, की पडदा आणि चेहरा यांच्या चाव्या वेगळ्या झाल्या. पडद्यावर ऊन आहे, त्यामुळे त्याची उजळी शटरच्या वेगाने कमीजास्त होते. फ्लॅशचा चमकारा क्षणभराचा असल्याने कॅमेऱ्याच्या सिंक-मर्यादेच्या (फ्लॅशशी जुळणाऱ्या शटरच्या सर्वाधिक वेगाच्या) आत शटरच्या वेगाचा चेहऱ्यावर जवळपास परिणाम होत नाही, तो फ्लॅशच्या ताकदीने ठरतो. पहिल्या दिवशी एकच चावी होती आणि ती फिरवली की दोन्ही हलत होते.

साडेआठला सगळे तयार होते आणि पडद्यावर तुळस उमटली. ऊन अजून तिरपे होते, त्यामुळे वृंदावनाची आणि रोपाची सावली लांब होऊन कापडाच्या खालच्या भागात, बरोबर आबांच्या खांद्यामागे आली. छायाचित्रकाराचे म्हणणे पडदा बाजूच्या खांबांवर न्यावा, म्हणजे सगळी मांडणी हलवावी. मी थांबावे असे म्हटले, कारण सूर्य वर येईल तशी सावली आखडत जाणार होती. दुसरीकडे आबा किती वेळ बसू शकतील ही चिंता होती. शेवटी आबांना आत चहाला बसवले आणि त्यांच्या जागी छायाचित्रकाराला पांढरा सदरा घालून बसवून चाचणी सुरू ठेवली. सव्वानऊपर्यंत सावली चौकटीच्या खाली उतरली.

त्या पाऊण तासाचा उपयोग फार झाला. चाचणीत पांढऱ्या सदऱ्याची बाही पडद्यात मिसळत होती, दोन्ही सारखेच पांढरे असल्याने कडच दिसत नव्हती. यावर उपाय म्हणजे चौकटीच्या बाहेर दोन्ही बाजूंना काळे काही उभे करणे. कपड्याचा कडेचा भाग मग त्या काळ्याकडे पाहतो, तिथे परतणारा प्रकाश कमी होतो आणि बाहीला एक बारीक करडी रेघ मिळते. काळे पुठ्ठे आम्ही नेले नव्हते. घरात दोन काळ्या घोंगड्या होत्या, त्या खुंट्यांवरून खाली सोडल्या. एका फोटोत घोंगडी न लावता आणि पुढच्यात लावून पाहिले, तेव्हा खांद्यापासून कोपरापर्यंतची कड पेन्सिलीने काढल्यासारखी उमटली. चित्र पांढरे व्हावे म्हणून काळ्या घोंगड्या शोधाव्या लागतात, हे त्या तरुण छायाचित्रकाराला त्या दिवशी डोळ्यांनी दिसले.

दुसरी अडचण रंगाची होती. सोहळ्यासाठी आणलेले नवे धोतर निळसर दिसत होते आणि जुनी खादीची टोपी पिवळसर. नव्या कापडात आणि धुण्याच्या पावडरीत चकाकी आणणारी द्रव्ये असतात, ती अतिनील किरणे शोषून निळसर प्रकाश परत देतात, आणि फ्लॅशच्या प्रकाशात हे जास्त उठून दिसते. एरवी कोणाच्या लक्षात येत नाही, पण सगळे पांढरेच असलेल्या चित्रात दोन पांढऱ्यांमधला फरक लगेच डोळ्यात भरतो. आबांच्या पेटीतले जुने, घरी साध्या साबणाने धुतलेले धोतर काढले. मुलाला नव्या धोतराचा आग्रह होता, पण दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर त्याने तो सोडला.

अखेर एक्सपोजर. कॅमेऱ्याच्या स्पॉट मोजमापाने, म्हणजे चौकटीतला एक छोटा भागच मोजून, पडदा मध्यम छटेपेक्षा अडीच स्टॉपच्या आसपास वर ठेवला. त्यासाठी आयएसओ १००, छिद्र एफ ५.६ आणि शटर १/१६० आले. ऊन वाढले तसे ते १/२०० केले. पडदा याहून जास्त उजळ केला असता तर तो पांढराच राहिला असता, फक्त त्याचा प्रकाश भिंगात पसरून आबांच्या चेहऱ्यावर धुरकटपणा आला असता. चेहऱ्यासाठी हातातले फ्लॅशमीटर हनुवटीशी धरून, येणारा प्रकाश मोजला. त्वचेवरून परतणारा प्रकाश मोजला नाही. सावळ्या चेहऱ्यावर कॅमेऱ्याचे परावर्तनाचे मोजमाप वापरले तर ते त्याला ओढून मध्यम करड्यावर आणते, येणारा प्रकाश मोजला तर माणसाचा रंग आहे तिथे राहतो.

येथे आमचा मतभेद झाला. छायाचित्रकाराला चेहरा अजूनही एक स्टॉप वर हवा होता, नाहीतर मुलाला आवडणार नाही, असे त्याचे म्हणणे. मी मीटरने सांगितले तेवढेच ठेवावे असे म्हणत होतो. आम्ही फ्लॅशची ताकद बदलत तीन चाचण्या घेतल्या. एक स्टॉप वर नेल्यावर टोपीचा पुढचा भाग कॅमेऱ्याच्या पडद्यावर लुकलुकू लागला, म्हणजे तिथला तपशील गेला. मीटरप्रमाणे घेतलेल्या फोटोत चेहरा खरा होता, पण इतक्या उजळ भोवतालात किंचित जड वाटत होता. एक तृतीयांश स्टॉप वर घेतलेला फोटो आम्हा दोघांनाही पटला. कपाळाची आणि गालाची तुकतुकी जिवंत होती, आणि बुक्का काळा होता.

आबा वीस मिनिटे बसले. सर्व फोटो रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या प्रकारात घेतले, एकूण चोवीस. निवडलेला फोटो एकोणिसावा आहे. त्यात आबा मुलीच्या हाकेकडे पाहत आहेत आणि माळेवर त्यांचा हात अलगद आलेला आहे.

निष्पत्ती

संगणकावर फार करावे लागले नाही. पांढऱ्याचा समतोल करड्या कार्डावरून साधला आणि सगळ्यात गडद छटा बुक्क्यावर बेतली. हिस्टोग्रामचा, म्हणजे चित्रात कोणत्या छटा किती आहेत ते दाखवणाऱ्या आलेखाचा, डोंगर उजळ बाजूला, उजवीकडे होता आणि डावीकडे एक बारीक शेपूट, बुक्का, बुबुळे आणि चष्म्याची काडी एवढ्यापुरते. चेहऱ्याचा रंग बदलला नाही.

छपाईत दोन गोष्टी पुढे आल्या. आठ बाय बाराचा नमुना काढून पांढऱ्या माउंटमध्ये (फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या पट्टीत) ठेवला तेव्हा फोटो कुठे संपतो आणि माउंट कुठे सुरू होतो ते कळेना. पडद्याच्या कडा किंचित खाली, २४५च्या आसपास (२५५ म्हणजे शुद्ध पांढरा) आणल्या आणि माउंट काढून टाकून गडद सागवानी रंगाची बारीक चौकट घेतली. पत्रिकेचा मुद्दा जास्त अडचणीचा होता. मुलाने निवडलेला कागद मलईच्या रंगाचा होता. नेहमीच्या ऑफसेट छपाईत पांढरी शाई नसते, जिथे पांढरे तिथे कोरा कागद दिसतो, त्यामुळे आबांचा सदरा, टोपी, मिशी सगळे पिवळे झाले असते. छापखान्याने हे मुद्रितावरच दाखवले म्हणून वेळेत कळले. पत्रिका पांढऱ्या आर्ट पेपरवर छापली. सोनेरी वेलबुट्टी त्यावर मुलाला हवी तशी खुलली नाही, आणि ती नाराजी त्याने बोलून दाखवली.

मुलीने मोठा फोटो पाहून काही म्हटले नाही. तिने चौकटीच्या काचेवर बोट ठेवून बुक्का दाखवला आणि आबांना हाक मारली.

वेगळे काय करता आले असते

घर आधी पाहायला हवे होते. आबांना जिना चढवण्याचा निर्णय कोणी विचार करून घेतलाच नव्हता, स्टुडिओ आहे म्हणून माणसाने तिथे यायचे एवढेच गृहीत होते. एकदा अंगण पाहिले असते तर पहिल्या दिवसाचा सगळा त्रास वाचला असता.

पहिल्या दिवशी रॉ फाइल घेतल्या असत्या तर एखाद्या फोटोतला चेहरा कदाचित वाचवता आला असता, सदरा मात्र बहुधा नाही. दोन चाव्या वेगळ्या नसणे ही मूळ चूक फाइलच्या प्रकाराने भरून निघत नाही.

दुसऱ्या दिवसातही उणीव राहिली आहे. ओसरी अरुंद असल्यामुळे आबा पडद्यापासून पाचच फुटांवर होते आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर पडद्याचा प्रकाश चढून सदऱ्याच्या शिवणीचा हाताएवढा भाग जळाला आहे. खुर्ची दीड-दोन फूट पुढे, दाराच्या उंबऱ्यालगत घेऊन कॅमेरा माजघरात आणखी मागे सरकवता आला असता. मांडणीच्या गडबडीत ते सुचले नाही. मोठ्या छपाईत तो भाग मला दर वेळी दिसतो.

त्वचेच्या रंगाविषयी मुलाशी बोलणे पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते. "सगळे पांढरे हवे" म्हणजे भोवताल की माणूसही, हा एक प्रश्न विचारला असता तर त्याने काय उत्तर दिले असते हे मला माहीत नाही, पण उत्तर फोटो काढण्याआधी मिळाले असते. छायाचित्रकार आता निमंत्रणाचे काम घेताना आधी पत्रिकेच्या कागदाचा तुकडा मागतो, आणि त्वचा उजळ करणारी सुविधा गिऱ्हाइकाने स्वतः मागितल्याशिवाय वापरत नाही. मागितलीच तर आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवून घरच्यांना निवडायला सांगतो.

पहिल्या दिवसाचे फोटो त्याने वैतागून पुसून टाकले. ते ठेवायला हवे होते. तपकिरी बुक्का आणि काळा बुक्का एकाच कागदावर छापून पुढच्या शिकणाऱ्यांना दाखवावेत, असे माझ्या फार मनात होते.